पुन्हाबाई

माझ्या थोरल्या बहिणीला हॉस्पिटलात सगळे पुन्हाबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती तिथे कुणाची नाही, आणि माझी तर लहानपणापासूनच नाही. हाताखालच्या कुणी तपासणीचा निकाल आणून दाखवला, की अक्का चष्मा कपाळावर सरकवते, कागद डोळ्यांजवळ नेते आणि एकच शब्द म्हणते, "पुन्हा." निकाल चुकलाय असं तिला वाटतं म्हणून नव्हे. काही माणसांना जेवल्यावर झोप आवडते, तशी हिला खात्री आवडते.

माझा अभ्यासही तीच घ्यायची. गणित बरोबर आलं तरी पाटी पुसून परत करायला लावायची. "अगं, बरोबर आलंय ना?" मी रडकुंडीला येऊन म्हणायचो. "एकदा बरोबर येणं म्हणजे नशीब," ती म्हणायची, "दोनदा आलं की ते तुझं." या शिकवणीनं मी गणितात हुशार झालो नाही. मिक्सर, इस्त्र्या आणि पंखे दुरुस्त करायच्या धंद्यात पडलो, आणि तिथे मात्र तिचं म्हणणं पदोपदी पटतं. दुकानात एकदा चालू झालेला मिक्सर गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बंद पडतो. दोनदा चालवून दिलेला सहसा पडत नाही. लग्न तिनं केलं नाही. आई फारच मागे लागली तेव्हा म्हणाली, "हे एकच काम असं आहे, जे पुन्हा करून बघता येत नाही." त्यावर आईनं हात टेकले.

अक्काचं काम जंतू ओळखायचं. ती कामाला लागली तेव्हा हे काम चिकाटीचं होतं. रोग्याच्या नाकातून काडीनं नमुना घ्यायचा, काचेच्या ताटलीत जंतूला आवडेल असं खाणं ठेवायचं, आणि तो वाढायची वाट बघायची. डांग्या खोकल्याचा जंतू यात सगळ्यांत नखरेल. त्याचं खाणं वेगळं, त्याची ऊब वेगळी, आणि एवढे लाड करून आठवडाभर स्वारीचा पत्ता नसायचा. नमुना आणताना जरा वाळला, तर स्वारी यायचीच नाही. तोवर इकडे बाळ खोकून खोकून निळं पडलेलं असायचं. अक्कानं अशी बाळं पाहिली आहेत. त्यांच्याबद्दल ती बोलत नाही, पण नवं मशीन आणा म्हणून तिनं वरच्या लोकांच्या दारात जे धरणं धरलं, ते त्यांच्यामुळेच.

मशीन आलं, आणि अक्काचा रुबाब वाढला. आता जंतू वाढवायची गरज उरली नाही. त्याच्या जनुकांतला एक ठरावीक तुकडा शोधायचा. त्याला ती खूण म्हणते. मशीन त्या खुणेच्या नकला काढत जातं, एकीच्या दोन, दोनांच्या चार, आणि पडद्यावर एक रेघ वर चढते. नमुन्यात मुळात खुणा भरपूर असतील तर रेघ लवकर चढते. चिमूटभर असतील तर पार शेवटी, धापा टाकत. डांग्या खोकल्याची खूण तर एकेका जंतूत कितीतरी वेळा आलेली असते, त्यामुळे जंतूचा कण जरी असला तरी सापडते. सकाळी नमुना, दुपारी निकाल. "ही खूण दुसऱ्या कुठल्या जंतूत सहसा नसते," अक्का सांगायची, आणि 'सहसा' या शब्दावर असा जोर द्यायची की ऐकणाऱ्याला वाटावं, तोच शब्द महत्त्वाचा आहे.

या कामाला तिच्याकडे तीन खोल्या आहेत. पहिलीत स्वच्छ औषधं, दुसरीत नमुने, तिसरीत मशीन. जायचं पहिलीतून तिसरीकडे, उलटं यायचं नाही, कारण तिसरीत त्या खुणेच्या कोट्यवधी नकला झालेल्या असतात आणि अंगाला चिकटून एखादी पहिलीत आली तरी सगळ्यांवर पाणी. प्रत्येक खोलीचा कोट वेगळा, चपला वेगळ्या. एकदा तिचा जेवणाचा डबा पहिल्या खोलीबाहेरच्या कपाटात राहिला आणि ही तिसरीत पोचली. दिवसभर उपाशी राहिली, पण मागे फिरली नाही. शिवाय प्रत्येक खेपेला नमुन्यांबरोबर नुसत्या पाण्याची एक नळी मशीनमध्ये ठेवायची. पाण्यातही खूण सापडली, तर घाण आपल्याच घरातली आहे असं समजून सगळी खेप फेकून द्यायची. अशी ही बाई. तिच्या नाकावर माशी बसत नाही, आणि बसली तर ती माशीही पुन्हा तपासून बघेल.

माझी बायको त्याच हॉस्पिटलात नर्स आहे, अंगणापलीकडच्या लसीकरणाच्या खोलीत. तिचा हात इतका हलका की टोचलेलं मूल रडायचं विसरतं आणि मग उगाच राहून गेलं म्हणून थोडं रडतं. अक्का तिला घरीदारी 'सिस्टर' म्हणते, आणि ती अक्काला 'अक्का, तुम्ही'. नणंद-भावजयीत जी खडाखडी लोकांकडे चालते, ती आमच्याकडे कधी झाली नाही. त्या दोघी एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला, अशीच आमच्या घरची मांडणी.

ती मांडणी मोडली एका बाळामुळे. बाळ इतकं लहान होतं की त्याच्या लसीची वेळही आली नव्हती. आईनं फक्त वजन करायला म्हणून लसीकरणाच्या खोलीत आणलं होतं, बायकोनं उचलून काट्यात ठेवलं होतं. काही दिवसांनी ते खोकत, श्वास ओढत वॉर्डात दाखल झालं. वॉर्डात नमुना घेतला. अक्काच्या मशीनवर रेघ अशी सरसरून वर गेली की शंकेला जागाच नव्हती. डांग्या खोकला. त्याच दुपारी औषध सुरू झालं.

मुलांचे डॉक्टर सावध माणूस. त्यांनी हुकूम काढला, की लसीकरणाला येणाऱ्या ज्या मुलाला जरा जरी खोकला असेल त्याचा नमुना तिथल्या तिथे घ्या. नमुने गेले आणि निकाल यायला लागले: आहे, आहे, हिलाही आहे, त्यालाही आहे. सर्दीनं शिंकणारी, हसती-खेळती मुलं, आणि कागदावर डांग्या खोकला. साथ आली म्हणून बोंब झाली. मग डॉक्टरांनी खोलीतल्या नर्सेसचेही नमुने तिथेच घेतले. बायकोचं त्या दिवशी नाक वाहत होतं. तिच्या कागदावरही तेच आलं, आणि खाली सही माझ्या सख्ख्या बहिणीची.

खोली बंद झाली. बायकोला घरी पाठवलं. वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात त्या बाळाच्या आईनं तिला गाठलं आणि इतकंच म्हणाली, "तुम्हीच याला उचललं होतं." ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, चार दिवस जातील, लोक विसरतील, सुंठीवाचून खोकला जाईल. कसलं काय. बायकोनं आपलं ताट वेगळं केलं, अंथरूण दुसऱ्या खोलीत नेलं, घरातही तोंडाला मास्क लावून वावरायला लागली. रडली नाही. रोज सकाळी वॉर्डात फोन करून बाळ कसं आहे विचारायची आणि फोन ठेवून भिंतीकडे बघत बसायची. "अगं, तुला नुसती सर्दी झाली होती," मी म्हणायचो. "अक्कांचं मशीन खोटं बोलत नाही," ती म्हणायची. "त्या बाळाला माझ्यामुळे झालं. माझ्या हातांनी." त्या हातांकडे ती अशी बघायची की मला ते बघवेना. आपलेच दात आणि आपलेच ओठ. चावलं तरी बोलायचं कुणाला?

मी बोललो. दुकानाचं शटर ओढलं आणि सरळ अक्काच्या घरी गेलो. ती भाजी निवडत होती.

"तुझं मशीन चुकलंय म्हणून सांग," मी दारातूनच म्हटलं.

"चपला काढ आधी."

"काढतो. पण सांग. ती घरात झुरतेय. चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय, आणि दोर तुझ्या हातात आहे."

अक्कानं निवडलेली भाजी बाजूला ठेवली. "मशीन चुकलं नाही, बारक्या. तुला बरं वाटावं म्हणून मी तसं म्हणणार नाही. तिला तर मुळीच नाही, ती ओळखेल."

"मग तिच्यामुळे बाळ आजारी पडलं, असं म्हणायचंय तुला?"

"तसंही मी म्हटलं नाही." तिनं चष्मा कपाळावर सरकवला. "मला एक गोष्ट खुपतेय. त्या बाळाची रेघ लवकर चढली, ठणठणीत. बाकी सगळ्यांच्या रेघा शेवटी शेवटी, कशाबशा. सिस्टरचीही तशीच. पाण्याची नळी प्रत्येक वेळी स्वच्छ, म्हणजे घाण माझ्या खोल्यांतली नाही. पुन्हा केलं, तरी तेच. त्या जंतूची दुसरी एक खूण असते, ती लावून बघितली. बाळाच्या नमुन्यात ती बोलली, बाकीच्यांत गप्प."

"मग झालं तर. बाकीचे खोटे."

"इतकं सोपं नाही. दुसरी खूण एकेका जंतूत एकदाच असते. जंतू थोडे असले तरी ती गप्पच बसेल. म्हणून मी अडलेय." मग ती उठली, हात धुतले. "चल. सिस्टरला भेटायचंय. हे मी आधीच करायला हवं होतं. मशीनसमोर बसून राहिले."

आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिनं बायकोला बसवलं. बायको लांब खुर्ची ओढायला लागली तशी अक्का म्हणाली, "जवळ बस. माझं वय झालंय, मला काही होत नाही. लसीकरणाच्या दिवशी तू काय काय करतेस ते मला करून दाखव. सांगू नकोस, कर."

"आता त्याचा काय उपयोग, अक्का?"

"माझ्यासाठी कर."

सिरिंज म्हणून मी माझा छोटा पेचकस दिला, नमुन्याच्या काडीच्या जागी आगकाडी, आणि मूल म्हणून उशी. सुरुवातीला तिचे हात जडच होते. पण वर्षानुवर्षांची सवय, हात आपोआप चालायला लागले. तिनं कुपी हलवली, सुई खुपसली, लस ओढून घेतली, सिरिंज डोळ्यांसमोर उभी धरली, तिला टिचकी मारली, दट्ट्या किंचित दाबला, उशीशी दोन शब्द गोड बोलून तिला टोचलं. कापूस दाबला. मग म्हणाली, "आता हे पुढचं खोकतंय," आणि टेबलावरून आगकाडी उचलून तिचं न दिसणारं वेष्टन फाडलं.

"थांब," अक्का म्हणाली. "टिचकी कशाला मारलीस?"

"हवेचा बुडबुडा वर यायला."

"आणि दट्ट्या दाबलास तेव्हा सुईच्या टोकाला काय आलं?"

"थेंब."

"तो कुठे गेला?"

बायकोनं टेबलाकडे पाहिलं, जणू तो थेंब तिथे असेल. "कुठे म्हणजे... पडला. टेबलावर. थोडा हातमोज्यावर. सगळ्याच असं करतात, अक्का. शिकवतातच तसं."

"आणि नमुने त्याच टेबलावर घेता."

"डॉक्टर म्हणाले, तिथल्या तिथे घ्या. दुसरं टेबल नाही."

"लसीत काय असतं?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"मला माहीत आहे. तू सांग."

"डांग्या खोकल्याचे जंतू," बायको म्हणाली आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मारलेले."

मला काही कळेना. मी म्हटलं, "मेलेला जंतू कुणाला काय करणार?"

"काही नाही करणार," अक्का म्हणाली. "पण तो मेला तरी त्याची खूण शिल्लक राहते. मशीननं खूण शोधली आणि सापडली म्हणून सांगितलं. ती जिवंत जंतूची की मेलेल्याची, रोग्याच्या नाकातली की टेबलावरची, हे मशीनला कळत नाही. ते आपण बघायचं असतं." मग बायकोचा मास्क तिनं स्वतःच्या हातानं काढायला घेतला, अर्ध्यात थांबली आणि परत नीट बसवला. "हा उद्या काढू. आज मला फक्त वाटतंय. उद्या कळेल."

मी मनात म्हटलं, ही बाई मरणाच्या दारातही यमाला दोनदा ओळखपत्र मागेल.

दुसऱ्या दिवशी तिनं आणि मुलांच्या डॉक्टरांनी मिळून बंद खोली उघडली. नमुन्याच्या काड्या डॉक्टरांनीच फिरवल्या. टेबल, खणाची मूठ, वजनाचा काटा, मुलांना रिझवायला ठेवलेला खुळखुळा. सगळ्यांवर ती खूण सापडली, आणि रेघा तशाच, शेवटी शेवटी, धापा टाकत. खुळखुळ्याला काही डांग्या खोकला होत नाही. लसीचा थेंब लावला तर रेघ बाणासारखी वर. लांबच्या वॉर्डातल्या टेबलावर काहीच नाही. मग त्या सगळ्या मुलांना बोलावून दुसऱ्या खोलीत, नव्या हातमोज्यांनी नमुने घेतले. एकातही काही नाही. बायकोच्या नमुन्यातही नाही. त्या संध्याकाळी अक्कानं येऊन मास्क काढला आणि कचऱ्यात टाकला.

पण बायकोचा चेहरा तसाच. "आणि बाळ? त्याला तर खराच आहे ना?"

"त्याला खराच आहे," अक्का म्हणाली. "त्याचा नमुना वॉर्डात घेतला होता, तिथे लस नसते. दोन्ही खुणा बोलल्या, दोन्ही वेळा. पण तुझ्यात तो नव्हताच, तर तू देणार कुठून? ज्यानं दिला त्याला मी शोधतेय."

तो सापडायला फार लांब जावं लागलं नाही. बाळाच्या घरी आजोबा होते. महिनाभर खोकत होते आणि घरातले म्हणत होते, सिगारेटचा खोकला आहे. नातवाला छातीवर घेऊन झोपायचे. त्यांची रेघ बाळाइतकी नाही, पण खणखणीत चढली, आणि दुसरी खूणही बोलली. म्हाताऱ्याला कळलं तेव्हा तो जमिनीकडे बघत राहिला. अक्का त्याच्याशी बराच वेळ बोलत बसली होती, असं डॉक्टर म्हणाले. काय बोलली ते तिनं मला सांगितलं नाही.

आता प्रश्न लोकांना काय सांगायचं हा होता. डॉक्टर म्हणाले, तांत्रिक बिघाड झाला होता असं लिहू, विषय संपेल. अक्का भडकली. "बिघाड कसला? उद्या खरंच एखादं बाळ निळं पडेल आणि लोक म्हणतील, त्या बिघडलेल्या मशीनवर काय विश्वास ठेवायचा. मशीननं त्या पोराला वाचवलंय. कागदांवर सही माझी होती, तर सांगेनही मीच."

खोली पुन्हा सुरू झाली ती काही आठवड्यांनी. बाळ तोवर घरी गेलं होतं. नमुन्यांसाठी वेगळी खोली ठरली होती, आणि सुईच्या टोकावरचा थेंब आता कापसात टिपायचा, असा नियम झाला होता. बायकोला सोडायला म्हणून मी दुकान बंद ठेवून गेलो. खरं तर मला भीती वाटत होती. बाकांवर बऱ्याच आया बसल्या होत्या, मुलं मांडीवर घट्ट धरून. बायको आत येताच कुजबुज थांबली.

अक्का टेबलाशेजारी उभी राहिली. आयुष्यात ती चार माणसांसमोर बोललेली नाही. कोटाची बटणं चाचपत म्हणाली, "तुमच्या मुलांना डांग्या खोकला आहे, असं मी लिहून दिलं होतं. ते चुकलं. या टेबलावर सांडलेली लस नमुन्यात आली होती, आणि ते ओळखायला मला उशीर झाला. मशीन चांगलं आहे, आम्ही ते वापरणारच. या सिस्टरनं कुणाच्याही मुलाला आजार दिलेला नाही. आजार तिला मी दिला, कागदावर."

बायको आपल्या जागी बसली, हातमोजे चढवले आणि म्हणाली, "पहिलं बाळ."

पहिल्या बाकावरची आई उठली नाही. तिच्या शेजारचीही नाही. एकजण पिशवीत काहीतरी शोधायला लागली. बायको हात तसेच पुढे धरून बसली होती.

मग अगदी मागच्या बाकावरून एक बाई उठली आणि रांग ओलांडून पुढे आली. व्हरांड्यात जिनं गाठलं होतं, तीच. कडेवर तेच बाळ, वाळलेलं, पण डोळे टक्क उघडे. "याचं आधी वजन करा," ती म्हणाली. "खूप उतरलंय." आणि तिनं त्याला बायकोच्या हातांत दिलं.

इतके दिवस कोरडे राहिलेले बायकोचे डोळे तेव्हा वाहायला लागले, आणि दोन्ही हात बाळाखाली असल्यामुळे तिला ते पुसता येईनात. अक्कानं कोटाच्या खिशातून रुमाल काढला आणि तिचे डोळे पुसले.